जेसन-नोंदींतील अग्राह्य मूल्ये व देवनागरी अंक

भाषिक सामग्रीची नोंद केवळ शब्दांची नसते. निवेदकाचे वय, गाव, ध्वनिमुद्रणाचा काळ हे तपशीलही तिच्याबरोबर जतन करावे लागतात. म्हैसूर येथे १७ जुलै १९६९ रोजी स्थापन झालेल्या केंद्रीय भारतीय भाषा संस्थानासारख्या ठिकाणी अनेक भाषांची सामग्री एकत्र येते. अशा सामग्रीत संगणकास न वाचता येणारे मूल्य आढळल्यास काय करावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक नव्हे.

सामग्रीच्या देवाणघेवाणीसाठी जेसन हा लेखनसंकेत आज सर्वत्र रूढ आहे. डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मानकानुसार संख्येसाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूपच ग्राह्य होय. देवनागरी अंक अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून, खुशाल येऊ शकतात. चिन्हांबाहेर आल्यास मात्र सबंध लेखन अग्राह्य ठरते व वाचन तेथेच थांबते. हा दोष उघड असल्याने तो फारसा घातक नाही.

घातक असतो तो निःशब्द दोष. समजा, निवेदकाचे वय अवतरणचिन्हांत '४५' असे नोंदले आहे. जावास्क्रिप्टमध्ये त्याचे संख्येत रूपांतर करू जाता 'नॅन', अर्थात 'संख्या नव्हे', असे उत्तर मिळते. जेसनमध्ये नॅनला स्थान नाही. त्यामुळे नोंद पुन्हा लिहिताना त्या जागी 'नल', म्हणजे रिक्त मूल्य, येते. वय सांगणारा आणि न सांगणारा निवेदक यांतील भेदच अशा रीतीने पुसला जातो. याउलट पायथन भाषेतील पूर्णांक-रूपांतर तेच '४५' पंचेचाळीस म्हणून अचूक वाचते. तात्पर्य, वैगुण्य मूल्यात नसून वाचण्याच्या रीतीत आहे.

यावरून कार्यपद्धती निश्चित करता येते. रचनेचा दोष असल्यास वाचन थांबवून दोषाचे स्थान कळवावे. रचना शुद्ध, पण मूल्य अनपेक्षित असल्यास प्रथम अंकांचे लिप्यंतर करून पाहावे. तरीही अर्थ न लागल्यास मूळ मजकूर जसाच्या तसा राखून, अग्राह्यतेचे कारण वेगळ्या रकान्यात नोंदवावे व निर्णय जाणकारावर सोपवावा. एका नोंदीपायी उरलेल्या नोंदी टाकू नयेत. रिकाम्या जागी शून्य भरणे तर सर्वथा त्याज्य, कारण ते शून्य पुढे सरासरीत मिसळते आणि मग ओळखू येत नाही.

'माहिती नाही' आणि 'माहिती वाचता आली नाही' ही दोन भिन्न विधाने होत. त्यांतील भेद राखला, तरच निवेदकाने दिलेली माहिती पुढील अभ्यासकापर्यंत पोहोचेल.