फॉरमॅट मारण्याआधी

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या टूलरूममध्ये डायचं थ्रीडी मॉडेल फिरवताना पडदा क्षणभर काळा होतो, परत येतो, पुन्हा काळा होतो आणि शेवटी निळा होऊन थांबतो. गणपतीच्या तोंडावर फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉची अवाढव्य फाइल उघडताना, किंवा लग्नसराईत अल्बमची पानं लावताना हेच घडतं. बोलावलेला माणूस दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो." नवीन विंडोज पडतं, मशीन चालू होतं, आणि बरेचदा काही दिवसांत पडदा पुन्हा निळा. दरम्यान बिघाडाच्या सगळ्या नोंदी मात्र पुसल्या गेलेल्या असतात. म्हणून फॉरमॅट हा शेवटचा उपाय ठेवावा आणि सुरुवात त्या नोंदी वाचण्यापासून करावी.

आधी एक गोष्ट समजून घेऊ: ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या एका ड्रायव्हरपायी अख्खी सिस्टिम का बसते? कोरलड्रॉ किंवा फोटोशॉप बंद पडलं तर तेवढंच बंद पडतं, कारण त्यांना मेमरीचा आपापला वेगळा भाग दिलेला असतो. ग्राफिक्स ड्रायव्हरचा महत्त्वाचा भाग मात्र कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, सगळ्या अधिकारांसह चालतो. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये मायक्रोसॉफ्टनं वेगासाठी ग्राफिक्सचं काम गाभ्यात नेलं. वेग मिळाला, पण ड्रायव्हरची चूक ही सिस्टिमची चूक होऊन बसली. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टानं ड्रायव्हरचा बराचसा भाग पुन्हा बाहेर काढला. संक्रमण सोपं गेलं नाही. त्या वर्षी व्हिस्टा कोसळल्याच्या ज्या नोंदी मायक्रोसॉफ्टकडे जमल्या, त्यांतल्या सुमारे २९ टक्के एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्डांच्या कंपनीच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवत होत्या, हे पुढे अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं.

निळा पडदा हा मुळात बिघाड नव्हेच. गाभ्यात काहीतरी चुकीचं घडल्याचं कळल्यावर डेटा खराब होऊ नये म्हणून विंडोज स्वतःहून थांबतं, घरातला एमसीबी पडतो तसं. आता विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत तो पडदा काळा केला आहे, अर्थ तोच.

गाभ्यातल्या एका ड्रायव्हरची ताकद किती, हे १९ जुलै २०२४ ला सगळ्यांनी पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बसली. मुंबईच्या विमानतळावर कामकाज विस्कळीत झालं, आणि देशात काही ठिकाणी प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तो ग्राफिक्स ड्रायव्हर नव्हता, पण जागा तीच, गाभ्यातली. उपायही ओळखीचाच होता: यंत्र सेफ मोडमध्ये चालू करायचं आणि दोषी फाइल काढायची.

ग्राफिक्सच्या बाबतीत विंडोज एक संधी जास्तीची देतं. कार्डाला दिलेलं एखादं काम दोन सेकंदांत हललं नाही, तर विंडोज ड्रायव्हरला कार्ड रिसेट करायला सांगतं. तोच तो क्षणभराचा काळा पडदा. रिसेट जमलं तर काम पुढे चालू. जमलं नाही, किंवा मिनिटाभरात पाचपेक्षा जास्त वेळा असं घडलं, तर सिस्टिम थांबते आणि पडद्यावर "व्हिडिओ टीडीआर फेल्युअर" असं नाव दिसतं. रजिस्ट्रीत शिरून हे दोन सेकंद वाढवायचा सल्ला सर्रास दिला जातो. जड रेंडरिंगमध्ये खरोखरच जास्त वेळ लागत असेल, तर त्यात अर्थ आहे. साधी फाइल उघडतानाही कार्ड अडकत असेल, तर मुदत वाढवून फक्त पडदा जास्त वेळ गोठलेला राहील.

आता पुरावा. स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" टाइप केलं की तारीखवार आलेख उघडतो. त्यात लाल फुल्या कोणत्या दिवसापासून सुरू झाल्या आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बसवलं, ते पाहावं. निम्मं उत्तर बहुधा इथेच मिळतं. दुसरी जागा म्हणजे विंडोज फोल्डरातलं मिनीडंप. सिस्टिम कोसळताना तिथे सहसा एक छोटी फाइल लिहिली जाते. ब्लूस्क्रीनव्ह्यूसारख्या फुकट प्रोग्रामनं ती उघडली की कोसळताना कोणता ड्रायव्हर चालू होता ते दिसतं. नावाची सुरुवात "एनव्ही"नं असेल तर बहुधा एनव्हिडिया, "एएमडी" किंवा "एटीआय" असेल तर एएमडी, "आयजीडी" असेल तर इंटेल.

पण नाव आलं म्हणून दोष सिद्ध होत नाही. इथेच बहुतेकांची गाडी चुकते. एकच फाइल उघडून थांबू नका, चार-पाच पाहा. प्रत्येक वेळी ग्राफिक्सचाच ड्रायव्हर दिसत असेल, तर संशय ड्रायव्हरवर किंवा कार्डावर. एकदा ग्राफिक्स, एकदा नेटवर्क, एकदा डिस्क असं काहीही येत असेल, तर रॅम तपासा. रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवलं की कळतं. आणि निळा पडदा न येता मशीन थेट रिस्टार्ट होत असेल, मिनीडंपही रिकामं असेल, तर एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, पाहा. असेंबल्ड पीसीत चांगलं कार्ड घालून एसएमपीएसवर पैसे वाचवण्याची आपल्याकडे फार खोड आहे.

संशय ड्रायव्हरवरच आला, तर क्रम सोपा आहे. गडबड अपडेटनंतर सुरू झाली असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये "रोल बॅक ड्रायव्हर" दाबावं. बटण फिकट असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही, असं समजावं. मग सेफ मोड: शिफ्ट दाबून रिस्टार्ट करायचं. डेस्कटॉपपर्यंतच पोचता येत नसेल, तर दोन-तीनदा अर्धवट चालू झाल्यावर दुरुस्तीचा पर्याय आपोआप समोर येतो. सेफ मोडमध्ये मायक्रोसॉफ्टचा अगदी साधा डिस्प्ले ड्रायव्हर चालतो, चित्र मोठं आणि ओबडधोबड दिसतं. तिथे "डीडीयू" या प्रोग्रामनं जुन्या ड्रायव्हरचे अवशेष साफ करावेत. त्याआधी इंटरनेटची वायर काढा, नाहीतर साफसफाई संपते न संपते तोच विंडोज अपडेट आपल्या पसंतीचा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. मग कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवलेली आवृत्ती बसवायची. लॅपटॉप असेल तर प्रथम लॅपटॉप कंपनीची आवृत्ती वापरावी. सर्वांत नवीन तीच सर्वांत चांगली, असं नसतं. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ ही आवृत्ती मागे घ्यावी लागली होती, कारण तिच्यामुळे काही कार्डांचे पंखे नीट फिरत नव्हते.

एक बारकी गोष्ट: "बंद करून चालू केलं" हे पुरेसं नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि पुन्हा तीच उचलतं. गाभा खरा नव्यानं सुरू होतो तो रिस्टार्टनं.

कार्ड जुनं असेल तर प्रश्न वेगळा. छोट्या दुकानांतल्या जीटी ७१० सारख्या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी एनव्हिडियानं २०२१ मध्येच नियमित ड्रायव्हर काढणं थांबवलं. ४७० ही मालिका शेवटची. नव्या सॉफ्टवेअरबरोबर ती अडखळली, तर ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही.

ड्रायव्हर साफ करूनही त्रास थांबला नाही, तर उन्हाकडे आणि धुळीकडे वळा. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला पीसी त्याहूनही तापतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर स्वतंत्र कार्डाचं तापमान दिसतं. काम सुरू केल्यावर ते चढत जाऊन ठरावीक पातळीला पडदा जात असेल, तर ब्लोअर मारा, थर्मल पेस्ट बदला. मशीनशॉपमधली धूळ साधी नसते, तिच्यात लोखंडाचा कीस असतो आणि त्यातून वीज वाहते. त्यामुळे डिझाइनचा पीसी ग्राइंडरच्या शेजारी ठेवूच नये.

लिनक्सवर हाच खेळ वेगळ्या रूपात दिसतो. कर्नल अपडेट झालं, एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचं मॉड्यूल त्याच्याशी जुळलं नाही, की नुसता काळा पडदा. मशीन चालू होताना येणाऱ्या ग्रब मेनूत जुनं कर्नल निवडलं तर सिस्टिम बहुधा उघडते. लॉगमध्ये "एक्सआयडी ७९" दिसलं, तर सिस्टिमचा कार्डाशी संपर्कच तुटला आहे. तेव्हा आधी वीजजोडणी, स्लॉट आणि तापमान पाहावं.

बायोसच्या पडद्यावरच रेघा किंवा रंगीत ठिपके दिसत असतील, तर ड्रायव्हरचा संबंध नाही, कारण तो अजून सुरूच झालेला नसतो. वायर आणि मॉनिटर बदलून पाहा. तरी रेघा राहिल्या तर तेच कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावा, तिथेही दिसल्या तर कार्ड गेलं. हीट गननं चिप गरम करून ते जिवंत करून देणारे भेटतात, पण तशी कार्डं फार काळ टिकत नाहीत. त्यात घालायचे पैसे नव्या कार्डासाठी ठेवावेत.