मोटार पाणी का पिते?

रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली मोटार आणि तिच्या शेजारी पाण्याची बाटली घेऊन उभा असलेला चालक, हे दृश्य आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले असेल. उन्हाळ्यात खंबाटकीसारख्या घाटात तर ते हटकून दिसते. थोडा वेळ थांबायचे, पाणी ओतायचे आणि पुढे निघायचे, असा जणू रिवाजच पडून गेला आहे. ‘गाडी पाणी पिते,’ असे चालक सांगतो; जसे काही तहान लागणे हा मोटारीचा स्वभावच आहे! परंतु धडधाकट मोटार पाणी पीत नाही. तिच्यातील पाणी बंद वाटेने फिरत असते आणि महिनोन् महिने ते जवळजवळ तेवढेच राहावयास हवे. ते वारंवार कमी होत असेल तर वाट कोठेतरी फुटली आहे, एवढाच त्याचा अर्थ. ही फूट कशी शोधावी आणि ती न शोधता नुसते पाणी ओतत राहिल्याने काय होते, हे या लेखात सांगावयाचे आहे. कॉलेज सुटल्यावर मी एका गॅरेजमध्ये मिस्त्रींच्या हाताखाली काम करतो. तेथे जे पाहिले आणि समजून घेतले, त्याच्याच आधारे हे लिहीत आहे.

प्रथम मोटारीत पाणी असते कशासाठी ते पाहू. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारण चौथा ते तिसरा हिस्साच गाडी चालविण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता काही धुराबरोबर बाहेर जाते व काही इंजिनाभोवतीच्या पाण्यामार्फत काढून टाकावी लागते. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली आणि २०१४ च्या आरंभापर्यंत बनत राहिलेली मारुती ८०० आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिचे इंजिन तीन सिलिंडरचे, अवघे ७९६ घनसेंटिमीटरचे. एवढ्या लहान मोटारीलाही पाण्याची सारी व्यवस्था लागतेच. पट्ट्यावर फिरणारा पंप पाणी ढकलतो. ते सिलिंडरांच्या भोवतीच्या पोकळीतून वर जाते, थर्मोस्टॅट नावाच्या झडपेपाशी येते आणि रबरी होज पाइपातून पुढच्या रेडिएटरमध्ये उतरते. तेथे वाऱ्याने थंड होऊन खालच्या पाइपाने पुन्हा पंपाकडे परतते. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो. पाणी ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तापले म्हणजे तो उघडतो.

या व्यवस्थेतील सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरचे झाकण. ते नुसते झाकण नव्हे. घरातील प्रेशर कुकरची शिट्टी जे काम करते तेच हे झाकण करते. आतला दाब साधारण ०.९ किलोपर्यंत चढला, की ते जादा पाणी शेजारच्या प्लास्टिकच्या टाकीत सोडते आणि इंजिन थंड झाले की तेच पाणी परत ओढून घेते. कुकरमध्ये डाळ लवकर शिजते, कारण दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही. मोटारीतही तसेच. या दाबामुळे साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. म्हणूनच गळतीचे नुकसान दुहेरी असते. एक तर पाणी कमी होते. दुसरे म्हणजे दाब टिकत नाही आणि उरलेले पाणी लवकर उकळू लागते. लहानशा भोकातून थेंब थेंब जाणारे पाणी घाटात एकदम वाफ होऊन का उसळते, याचे उत्तर येथे आहे.

याच कारणाने तापलेल्या मोटारीचे झाकण कधीही उघडू नये. झाकण फिरवताच दाब नाहीसा होतो आणि १०० अंशांपेक्षा तापलेले पाणी क्षणात उकळून तोंडावर येते. हात आणि चेहरा भाजतो, डोळेही जाऊ शकतात. वरचा पाइप हाताला थंड लागेपर्यंत, म्हणजे निदान अर्धा-पाऊण तास थांबणे, हाच एक उपाय. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाणी फार कमी झाले तर तापमान दाखविणारा काटा खाली आलेला दिसू शकतो, कारण त्याची जाणीव घेणारा भाग पाण्याबाहेर उघडा पडतो. काटा खाली आला म्हणून गाडी थंड झाली असे समजणे धोक्याचे असते.

आता गळती कशी ओळखावी? मोटारीखाली दिसणारे प्रत्येक पाणी हे इंजिनाचे नसते. वातानुकूलित गाडीतून उन्हाळ्यात जे स्वच्छ, बिनवासाचे पाणी गळते, ते केवळ हवेतील बाष्प असते. त्याची चिंता नको. इंजिनाचे तेल काळसर व चिकट असते. कूलंट मात्र बहुधा हिरवे, गुलाबी किंवा निळे, बोटांना किंचित बुळबुळीत आणि गोडसर वासाचे असते. ते चाखून पाहण्याचा विचारही करू नये. त्यात बहुधा एथिलिन ग्लायकॉल असते व ते विषारी आहे. गोडपणामुळे कुत्री व लहान मुले त्याकडे ओढली जातात. म्हणून सांडलेले कूलंट लगेच धुऊन काढावे आणि जुने काढलेले गटारात ओतू नये.

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी डाग कोठे पडला यावरून अर्धे काम होते. त्यानंतर थंड इंजिनावर सर्व होज पाइप दाबून पाहावेत. कडक झालेला, फुगलेला किंवा चिरलेला पाइप हाताला कळतो. जोडाशी पांढरी वा हिरवट खपली दिसली तर तेथून पाणी झिरपून सुकले आहे असे समजावे. आतल्या गालिच्यावर ओल किंवा समोरच्या काचेवर चिकट वाफ असेल तर हीटर तपासावा. सर्वांत वाईट शक्यता म्हणजे हेड गॅस्केट. त्याची लक्षणे निराळी. गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहते, तेल दुधाळ होते आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठतात.

आमच्या गॅरेजमध्ये आलेल्या एका मोटारीचे उदाहरण देतो. ती एका पाववाल्याची होती. मागची बैठक काढून तिथे पावाचे ट्रे ठेवलेले. पहाटे बेकरीतून निघायचे आणि दुकाने उघडण्यापूर्वी सहा-सात गावांत माल पोहोचवायचा, हा त्याचा व्यवसाय. एक दिवस गाडी अडली तर माल शिळा होतो, आणि चार दिवस अडली तर दुकानदार दुसऱ्याकडून पाव घेऊ लागतात. ‘दादा, पाणी किती टाकता?’ मिस्त्रींनी विचारले. ‘दिवसाआड एक बाटली. बोअरचं.’ याआधी एका ठिकाणी खालचा पाइप बदलून झाला होता, दुसऱ्या ठिकाणी झाकण. दोन्ही वेळा पैसे गेले, पाणी पिणे चालूच राहिले. पुठ्ठा मात्र सकाळी कोरडा निघे.

तर्कशास्त्राच्या वर्गात आपण धुरावरून अग्नीचे अनुमान शिकतो. येथे धूरच नव्हता. म्हणून एकेक शक्यता वगळत जाणे भाग होते. तेलाची कांडी काढून पाहिली, तेल स्वच्छ होते. रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते. म्हणजे हेड गॅस्केटची भीती बरीच कमी झाली. गालिचा कोरडा होता. मग रेडिएटरच्या तोंडाला हातपंप जोडला. या पंपाला दाब दाखविणारा काटा असतो. झाकणावर लिहिला होता तेवढाच दाब भरला आणि वाट पाहिली. काटा हळूहळू उतरू लागला. पण थेंब कोठेच दिसेना. तेव्हा मिस्त्रींनी पंपाच्या खालचा भाग पुसून कोरडा केला आणि मला त्यावर खडूची पूड फुंकायला सांगितले. काही मिनिटांत पंपाच्या खालच्या बारीक छिद्रापाशी पूड ओली होऊन काळवंडली.

ते छिद्र बनविणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेले असते. पंपाच्या दांड्याभोवतीचे सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या छिद्रातून बाहेर यावे, अशी योजना असते. गाडी चालू असताना ते थेंब फिरत्या पुलीने उडत आणि तापलेल्या इंजिनावर सुकून जात. रात्री दाब नसल्याने गळत नसे. पुठ्ठा कोरडा का, याचा उलगडा असा झाला.

दुरुस्ती त्यामानाने सोपी. पाणी काढून घेतले, पट्टा सैल करून उतरवला, पंपाचे बोल्ट खोलले, जुन्या गॅस्केटचा प्रत्येक कण खरवडून पृष्ठभाग साफ केला आणि नव्या गॅस्केटसह नवा पंप बसविला. आतली घाण धुऊन काढली. अर्धे कूलंट आणि अर्धे डिस्टिल्ड वॉटर असे मिश्रण भरले. आपल्याकडे बर्फ गोठण्याचे भय नसले तरी कूलंट गंज रोखते आणि उकळण्याचा अंश आणखी वर नेते, म्हणून ते हवेच. शेवटी झाकण उघडे ठेवून थंड इंजिन चालू केले, हीटर लावला आणि थर्मोस्टॅट उघडून आतली हवा बुडबुड्यांनी निघून जाईपर्यंत पाणी भरत राहिलो. ही हवा आत राहिली तर नव्या पंपानेही गाडी तापते.

जुना पंप उघडून पाहिला तेव्हा त्याची पाती गंजाने खाल्लेली होती आणि सीलपाशी तांबूस गाळ व क्षारांचा थर होता. बोअरचे जड पाणी वारंवार पडल्याचा हा परिणाम. म्हणजे गळतीवर उपाय म्हणून जे पाणी ओतले जात होते, तेच गळती वाढवीत होते. आणखी काही आठवडे असेच चालले असते तर एखाद्या दिवशी गाडी रस्त्यात उकळली असती. छोट्या मोटारींचे हेड बहुधा ॲल्युमिनियमचे असते. ते अति तापले की वाकते. पंपाचा खर्च त्याच्या दोन-तीन दिवसांच्या मिळकतीएवढा होता. हेडचा खर्च त्याला कर्ज काढल्याशिवाय झेपला नसता.

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना तोडगा अनेक चालक सांगतात. तो खोटा नाही. हळदीची पूड बारीक भोकात जाऊन फुगते आणि गळती काही काळ थांबते. पण भोक कोणते आणि रेडिएटरची बारीक नळी कोणती, हे हळदीला कळत नाही; ती दोन्ही बुजविते. आडरानात अडकलेल्या माणसाने घरी पोहोचण्यापुरता तिचा आधार घ्यावा. घरी पोहोचल्यावर गॅरेज गाठावे.

ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांनी एवढे करावे. आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना प्लास्टिकच्या टाकीतील पाणी दोन रेघांच्या मध्ये आहे ना ते पाहावे आणि पातळीपाशी एक खूण करावी. याला एक मिनिटही लागत नाही. खुणेखाली पाणी गेले तर भरावे, पण लगेच विचारावे, ‘गेले कोठे?’ पाववाल्याच्या टाकीवर मिस्त्रींनी अशीच खूण करून दिली. महिन्याभराने तो दुसऱ्याच कामासाठी आला, तेव्हा मी आधी बॉनेट उघडून पाहिले. पाणी खुणेवर होते.