आधी इंजिनाची भूक मोजा

वाफेवर चालणारं छोटं पितळी इंजिन आता घरबसल्या मागवता येतं. बॉयलर मात्र बऱ्याचदा सोबत येत नाही. मग हमखास एक प्रश्न पडतो, आणि एका वाचकानेही तोच विचारला आहे: स्वयंपाकघरातला कुकर चालेल का?

नाही चालणार. कुकर साधारण १ बार दाबाला, १२० अंश सेल्सिअसच्या आसपास शिट्टी देतो. आत तीन किलो पाणी असताना झाकण उडालं, तर क्षणार्धात शंभरेक ग्रॅम पाण्याची वाफ होते आणि ती पावणेदोनशे लिटर जागा मागते. शिवाय शिट्टी काढून तिथे नळी जोडली, की जादा दाब बाहेर पडायची वाटच इंजिनाच्या ताब्यात जाते. दट्ट्या अडकला की वाट बंद!

मग बॉयलर स्वतःच बनवायचा. तो बनवताना त्याच्या पोटात पाणी किती मावतं यापेक्षा मिनिटाला वाफ किती होते, ते पाहायचं. त्यासाठी आधी इंजिनाची भूक मोजावी लागते. स्टुअर्ट टर्नर या ब्रिटिश कंपनीचं ‘१० व्ही’ हे उभं इंजिन घेऊ. सिलिंडरचा व्यास १९ मिमी, दट्ट्याची धावही तेवढीच. वाफ दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी ढकलते, त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्याला सुमारे ११ घन सेंमी वाफ लागते. मिनिटाला ३०० फेरे धरले तर सव्वातीन लिटर. २ बार दाबाची एवढी वाफ म्हणजे जेमतेम साडेपाच ग्रॅम पाणी! सिलिंडरात थोडी वाफ थिजून वाया जाते, म्हणून ८ ग्रॅम धरावं.

छंदिष्टांचा जुना आडाखा सांगतो, की ज्वाळेने तापणाऱ्या १०० चौरस इंच तांब्यावर मिनिटाला एक घन इंच पाण्याची वाफ होते. त्या हिशेबाने आपल्याला ३२० चौरस सेंमी तांबं हवं. ७५ मिमी व्यासाच्या, १५ सेंमी लांब आडव्या नळकांड्याचा खालचा अर्धा भाग जेमतेम १७७ भरतो. पोटाखाली १० मिमी व्यासाच्या, १२ सेंमी लांबीच्या चार तिरप्या नळ्या जोडल्या की उरलेली भर पडते.

अशाच पाणनळ्यांवरून इंग्लंडमध्ये एकेकाळी रण माजलं होतं. इवल्याशा रेल्वे-इंजिनात खरा, कोळशाचा बॉयलर चालायचाच नाही, स्पिरिटच्या ज्योतीवरच्या पाणनळ्याच बऱ्या, असं मोठमोठ्या जाणत्यांचं मत होतं. ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या, पूर्वी रेल्वेत काम केलेल्या एका कारागिराला ते पटेना. ‘मॉडेल इंजिनिअर’ नियतकालिकात वाद पेटला आणि १९२४ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात त्याच्या ‘आयेशा’ या रेल्वे-इंजिनाने अवघ्या अडीच इंच रुंदीच्या रुळांवरून चक्क मोठी माणसं ओढून दाखवली. तिच्या बॉयलरात आग चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेली, धूर नळ्यांमधून जाणारा, आणि वापरलेली वाफ धुराड्यातून सुटताना आगीला हवा ओढून देणारी. इंजिन जेवढा जोर लावेल तेवढी आग फुलते. केवढी सुंदर रचना! या माणसाचं नाव छंदिष्टांबाहेर फारसं कुणी घेत नाही, ही खंत वाटण्यासारखीच गोष्ट आहे.

टेबलावरच्या इंजिनाला मात्र हरलेल्या पक्षाचाच बॉयलर घ्यावा. तिथे माणसं ओढायची नसतात, कोळशाची उठाठेव नको असते, आणि गॅसचा बर्नर आपली हवा आपणच ओढतो.

धातू तांबंच हवा. पितळेतलं जस्त गरम पाण्यात हळूहळू झिजून जातं, म्हणून जोडही काशाचे घेतात. सांधे चांदीच्या झाळणाने झाळावेत. साधा शिसे-कथलाचा डाख १८३ अंशांनाच वितळू लागतो आणि पाणी संपलेला बॉयलर तो आकडा चुटकीसरशी ओलांडतो. दोन्ही टोकांच्या चपट्या चकत्यांकडे तर अजिबात दुर्लक्ष नको. ७५ मिमीच्या चकतीवर ३ बार दाबाला १३५ किलोंचा रेटा येतो. तो पेलायला आरपार सळई घालून दोन्ही चकत्या एकमेकींना बांधतात.

आपल्याकडे २५ लिटरपेक्षा लहान भांडं बॉयलरच्या कायद्यात येत नाही. या बॉयलरात पाऊण लिटरही पाणी मावत नाही, तेव्हा सरकारी निरीक्षक येणार नाही. तपासणी बॉयलर बनवणाऱ्यानेच करायची. बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडाही न ठेवता, हातपंपाने चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाब द्यायचा. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा उकललाच तर स्फोट न होता नुसती धार लागते. दाबमापकाचा काटा खाली सरकला किंवा कुठे ओल दिसली, तर बॉयलर पुन्हा झाळायला घ्यायचा.