पाळणा सोसवत नाही तेव्हा: मूल न होण्याचं दुःख आणि ओवी

(कोल्हापूर येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, त्यामुळं कोल्हापूरकरांना गाण्याचं महत्त्व मी काय सांगणार! पण आज मैफलीबद्दल नाही, घरातल्या गाण्याबद्दल बोलायचंय.

आपल्याकडं घरात बायका एकत्र कधी गातात? डोहाळजेवणात, बारशाला. आता जिचा तिसऱ्या महिन्यात गर्भ गेलाय, किंवा लग्नाला आठ वर्षं होऊनही जिला मूल नाही, तिचा विचार करा. पाळणा सुरू झाला की ती हळूच स्वयंपाकघरात जाते. आपण म्हणतो, "फारच मनाला लावून घेते बाई."

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं, की जगात साधारण सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. कारण पुरुषातही असू शकतं, पण बोल लागतो बाईला. सुरुवातीच्या महिन्यांतले निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळं होतात. "पपई खाल्लीस, धावपळ केलीस" हे ऐकवून आपण तिच्या दुःखावर अपराधाचं ओझं ठेवतो. या दुःखाला दहावं नाही, तेरावं नाही. कायदा गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा देतो. घर कित्येकदा सहा दिवसही देत नाही.

मग आपल्या आज्या-पणज्यांनी हे दुःख कुठं ठेवलं? जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाळाच्या कौतुकाच्या ओव्या भरपूर आहेत. पण मूल नसलेल्या बाईच्याही आहेत: लोकांचे टोमणे, देवाला विचारलेला जाब, सगळं आहे.

जात्यावरच हे का जमलं? पहाटेची वेळ, पुरुषमंडळी झोपलेली, जात्याच्या घरघरीत रडणं लपायचं. समोर खुंट्याला हात लावून दुसरी बाई बसलेली. ती सल्ला देत नव्हती, जातं ओढत होती. आणि ओवीतली 'ती' मी आहे की आणखी कुणी, हे सांगायची गरज नव्हती. दुसऱ्याच्या तोंडून आपलं सांगायची ती सोय होती.

शरीराचाही भाग आहे. गाताना श्वास लांब सुटतो. सावकाश श्वासोच्छ्वासानं धडधड कमी होते. एवढंच. गाण्यानं गर्भ राहत नाही, गेलेला परत येत नाही. कुणी तसं सांगून काही विकत असेल तर घेऊ नका.

जातं गेलं, पण तानपुऱ्याच्या ॲपवर दहा मिनिटं सा लावता येतो. भजनात मागं बसता येतं. जे गाणं सोसत नाही ते बंद करावं, पाळणा सुरू झाल्यावर उठून जावं. त्यात अपशकुन नाही. नवऱ्यानंही शेजारी बसावं, त्याचंही काहीतरी गेलेलं असतं. आठवडे उलटले तरी झोप नाही, जगणं नको वाटतंय, तर डॉक्टर गाठा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर मोफत आहे.

आणि आपण बाकीच्यांनी? पुढच्या बारशाला ती उठून गेली, तर तिला हाक मारू नका. थोड्या वेळानं कुणीतरी एकीनं आत जावं. बोलू नये. समोर बसावं, जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसल्यासारखं.