अर्ध्या वॉटचा प्रवासी (लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण पंखा फिरवत धावणारी मानवरहित वाहने पाहिली. त्यांची बॅटरी काही तासांत, फार तर काही दिवसांत संपते. आजच्या यंत्राला पंखाच नाही, तरी ते महिनोन्‌महिने समुद्रात राहते. त्याचे नाव ग्लायडर.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात घडलेला सीग्लायडर घेऊ. लांबी साधारण माणसाएवढी, वजन सुमारे ५२ किलो. पोटात थोडेसे तेल, एक लिटरपेक्षाही कमी. पंपाने ते बाहेरच्या पिशवीत ढकलले की यंत्राचे आकारमान वाढते, वजन मात्र तेवढेच राहते. साहजिकच ते वर येऊ लागते. तेल आत घेतले की बुडू लागते. बॅटरीच पुढे-मागे सरकवून नाक खाली किंवा वर करायचे, म्हणजे अंगावरचे दोन पंख त्या चढउतारातून पुढे जाण्याची गती मिळवून देतात. अशा तिरक्या येरझाऱ्या घालत ते १,००० मीटर खोलीपर्यंत जाऊन येते. वेग ताशी जेमतेम एक किलोमीटर. सरासरी वीज लागते अर्धा वॉट! रेडिओलहरी पाण्यात फार लांब जात नाहीत, म्हणून पृष्ठभागावर आले की ते नाक खाली करून शेपटीकडची अँटेना हवेत धरते आणि उपग्रहामार्फत नोंदी धाडते.

घाई नसणे हीच मला या यंत्राची खरी ताकद वाटते. चाचेगिरी आणि राजकीय तणाव यांमुळे ओमानच्या आखातात संशोधन-जहाजांना फिरकणे अवघड झाले होते. तिथे ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने ओमानच्या सुलतान काबूस विद्यापीठाच्या साथीने दोन सीग्लायडर सोडले. आठ महिने ते मोजमाप करत राहिले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष धडकी भरवणारा होता : प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्याचा पट्टा स्कॉटलंडहून मोठा, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून अधिक निघाला. हा आपल्याच अरबी समुद्राचा भाग आहे, आणि आपली मासेमारी याच समुद्रावर चालते.

नौदलांनाही अशाच नोंदी हव्या असतात. पाण्यातला ध्वनीचा वेग तापमान, क्षारता आणि दाब यांवर ठरतो. थरागणिक तो बदलला की ध्वनीची वाट वाकते आणि त्या आडोशाला पाणबुडी सोनारपासून लपू शकते. १५ डिसेंबर २०१६ रोजी फिलिपिन्सच्या सुबिक बेपासून सुमारे ५० सागरी मैलांवर 'बाउडिच' हे अमेरिकी जहाज आपला ग्लायडर उचलायला निघाले होते. तेवढ्यात चिनी नौदलाने तो पळवला, आणि पाच दिवसांनी परत दिला. त्यावर शस्त्र नव्हते. तापमान-क्षारता मोजणारी उपकरणे होती. देश अशा आकड्यांवर डोळा ठेवणारच. पण त्या ओढाताणीत प्राणवायूच्या नोंदी थांबल्या, तर नुकसान सर्वच किनाऱ्यांचे होईल.

पुढच्या आठवड्यात गोव्याला जाऊ. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने घडवलेल्या 'माया'ची ओळख करून घ्यायची आहे.