हवा तो रेझिस्टर नाही मिळाला, तर दुसरा कोणता चालेल?

पहिला हेडफोन अँप्लिफायर बनवला तेव्हाची गोष्ट. रात्रीचे अकरा वाजलेले आणि डब्यात १०० के, म्हणजे १०० किलोओहमचा रेझिस्टरच नाही. १० के मात्र भरपूर. ‘काय फरक पडतोय’ म्हणून तोच लावला. फोन जोडून ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं. ताशा कडक वाजत होता, पण ढोलाचा दणका कुठेच नाही! आयसी खराब असेल म्हणून तोही बदलला, तरी तेच. चूक आयसीची नव्हती, माझ्या ‘चालतंय की’ची होती.

ते सर्किट होतं ‘सीमॉय’. ९ व्होल्टची बॅटरी, एक ऑप-अँप आयसी आणि मूठभर पार्ट. पहिल्या प्रोजेक्टसाठी मस्त. त्यात रेझिस्टर बदलताना ‘जवळची व्हॅल्यू कोणती?’ हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, ‘हा रेझिस्टर इथे काम काय करतोय?’

१. कपॅसिटरसोबत असेल तर

इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० के रेझिस्टर असतो. दोघं मिळून ठरवतात की किती खालचा आवाज आत येईल. या जोडीत ती सीमा साधारण १६ हर्ट्झ येते, म्हणजे कानाला ऐकू येतं ते जवळपास सगळं आत. मी १० के लावला आणि सीमा दहापट वर, १५९ हर्ट्झवर गेली. ढोलाचा खालचा आवाज तिथेच अडला.

मग काय चाललं असतं? ८२ के लावला तर सीमा १९ हर्ट्झ, १२० के लावला तर १३. कानाला फरक कळणार नाही. १० केच लावायचा तर कपॅसिटर दहापट मोठा, १ मायक्रोफॅरडचा घ्यायचा.

२. गेन ठरवणारी जोडी

आवाज किती पट वाढेल ते दोन रेझिस्टरच्या गुणोत्तरावर ठरतं: १ + (१० के ÷ १ के) = ११ पट. १ के नसेल तर दोन्ही बदला. १.२ के आणि १२ के लावले तरी उत्तर ११च. फक्त १ केच्या जागी १.२ के लावला तर गेन ९.३ होतो. तेही चालतं, व्हॉल्यूम थोडा वाढवायचा. पण डाव्या आणि उजव्या चॅनलला सारखंच हवं, नाहीतर गाणं एका कानाकडे सरकतं.

गुणोत्तर तेच आहे म्हणून १०० के आणि १० लाख ओहम लावू नका. रेझिस्टर जितका मोठा, तितकी मागची ‘स्स्स’ जास्त.

३. बॅटरीचे दोन भाग करणारे

४.७ केचे दोन रेझिस्टर ९ व्होल्टचे साडेचार-साडेचार करतात. इथे आकड्यापेक्षा दोघं सारखे असणं महत्त्वाचं. दोन्ही ३.९ के किंवा दोन्ही ५.६ के चालतील. एक ४.७ आणि एक १० के लावला तर वाटणी २.९ आणि ६.१ व्होल्ट होते. मग आवाज वाढवला की एका बाजूने लवकर फाटतो.

४. एलईडीचा रेझिस्टर

इथे मोकळीक आहे. १० के लावला तर लाल एलईडी मंद लागेल, १ के लावला तर उजळ, पण बॅटरी लवकर संपेल. १०० ओहम मात्र नको. साधारण ७० मिलिअँपिअर जातील आणि एलईडी उडेल.

दोन मिळून एक

दोन रेझिस्टर एकामागे एक जोडले की बेरीज होते. ४.७ के आणि ५.६ के मिळून १०.३ के. सोनेरी पट्टीचा १० के रेझिस्टर तसाही ९.५ ते १०.५च्या मध्ये कुठेही असू शकतो, त्यामुळे हा जुगाड बिनधास्त चालतो. समान व्हॅल्यूचे दोन शेजारी-शेजारी जोडले तर निम्मे होतात: २२ केचे दोन म्हणजे ११ के.

आणि सोल्डर करण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजा. ट्यूबलाइटखाली नारिंगी आणि पिवळी पट्टी सारखीच दिसते. नारिंगी म्हणजे १० के, पिवळी म्हणजे १०० के. ढोल वाजणार की नाही, ते त्या एका पट्टीवर ठरतं.