चाकोरी आणि नकाशा

‘चाकोरी’ म्हणजे मुळात गाडीच्या चाकाने जमिनीत पाडलेली खाच. चाकोरी सोडून चालणाऱ्याचे आपण कौतुक करतो. पण खऱ्याखुऱ्या जमिनीवर चाकोरी सोडली की तिथे नवी चाकोरी पडते. ती किती काळ टिकणार, हे त्या जमिनीवर ठरते. अमेरिकेतील मोहावी वाळवंटाच्या परिसरात १९४२ साली जनरल पॅटन यांनी रणगाड्यांच्या सरावासाठी प्रशिक्षण केंद्र उभारले. १९४४मध्ये ते बंद झाले. त्या रणगाड्यांचे माग काही ठिकाणी आजही दिसतात.

याचे कारण मातीत आहे. कोरड्या वाळवंटात सूक्ष्मजीव, दगडफूल आणि शेवाळ मिळून मातीवर पातळ साय धरतात. चाकाखाली ही साय मोडली की माती वाऱ्यावर जाते, आणि साय पुन्हा धरायला अनेक दशके लागू शकतात. कासवांची बिळे ढासळतात ती वेगळीच.

१९६०नंतर मोटारसायकली आणि वाळूत पळणाऱ्या हलक्या गाड्या हजारोंच्या संख्येने या जमिनीवर उतरल्या. जमीन सरकारी, म्हणजे सर्वांची. एकट्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे. महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक. एवढ्या पसाऱ्यावर पहारा ठेवणे अशक्य. मग नियम कशाला लावायचा? याची तीन उत्तरे निघाली आणि ती एकमेकांवर थरासारखी चढत गेली.

पहिला थर वाहनाचा. रस्त्यावर न चालणाऱ्या गाडीचीही नोंदणी करायची, हे कॅलिफोर्नियाने १९७१च्या कायद्याने पक्के केले. गाडीला स्टिकर मिळतो. धुराच्या निकषांत बसणाऱ्या गाडीला हिरवा मिळे, न बसणाऱ्या काही गाड्यांना लाल. लाल स्टिकरच्या गाड्यांना काही ठिकाणी ठरावीक हंगामातच फिरता येई. २०२२पासूनच्या नव्या गाड्यांना लाल स्टिकर मिळत नाही. नोंदणीच्या शुल्काचा पैसा मैदाने, पायवाटा आणि जमिनीच्या दुरुस्तीकडे वळवला जातो. मात्र नोंदणीतून गाडी कोणाची आहे एवढेच कळते. ती कुठे जाऊ शकते हे कळत नाही.

दुसरा थर कार्यक्रमाचा. शर्यत, व्यावसायिक सहल किंवा मोठा जथा न्यायचा असेल, तर स्वतंत्र परवाना लागतो. बार्स्टो ते लास व्हेगास ही मोटारसायकलींची शर्यत १९६७पासून होत असे. १९७४ साली तिच्यात सुमारे तीन हजार गाड्या धावल्या. झालेले नुकसान पाहून पुढची काही वर्षे परवाना नाकारण्यात आला. १९८३मध्ये तो पुन्हा मिळाला. १९९० साली मोहावीतील कासवाची नोंद धोक्यातील प्राण्यांच्या यादीत झाली, तोवर ही शर्यत थांबली होती. परवान्याने एका दिवसाच्या गर्दीला आवर घालता येतो, वर्षभर सुट्या-सुट्या येणाऱ्यांना नाही.

तिसरा थर जमिनीचा, आणि खरी कलाटणी इथे आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२मध्ये आदेश काढला, की सरकारी जमिनीचे कोणते भाग आणि वाटा अशा गाड्यांना खुल्या व कोणत्या बंद, हे खात्यांनी ठरवावे. ठरवताना माती, वनस्पती, वन्यजीव आणि इतर पर्यटक यांना कमीत कमी त्रास होईल हे पाहावे. १९७७मध्ये कार्टर यांनी, मोठे नुकसान होत असेल तर तो भाग ताबडतोब बंद करावा, अशी भर घातली.

तरीही अनेक जंगलांत ‘बंदीचा फलक नाही म्हणजे वाट मोकळी’ हीच रीत होती. फलक उखडले जात. एकाने पाडलेला माग दुसऱ्याला रस्ता वाटे आणि दहाव्याला तो हक्क वाटे. २००५मध्ये वनखात्याच्या नियमाने हे गणित उलटे केले. प्रत्येक जंगलाचा वाहन-वापर नकाशा छापायचा आणि फुकट वाटायचा. नकाशात असलेली वाटच खुली. बाकी सारे बंद, मग तिथे फलक असो वा नसो. ‘मला माहीत नव्हते’ म्हणायची सोय संपली, कारण नकाशा जवळ ठेवणे ही चालकाची जबाबदारी झाली.

नकाशा झाला म्हणून पहारेकरी वाढले नाहीत, हेही खरे. शिवाय युटामधील वाळवंटाबाबतच्या एका दाव्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जमीन जपण्याचे सर्वसाधारण कर्तव्य कायद्यात असले, तरी तेवढ्यावरून न्यायालय खात्याला अमुक एक कृती करायला लावू शकत नाही. मोघम कर्तव्यापेक्षा कागदावरची ठाम रेघ मोलाची का, ते इथे कळते.

आपल्याकडे १९८८चा मोटार वाहन कायदा ‘सार्वजनिक जागे’ची व्याख्या व्यापक करतो : जिथे जाण्याचा लोकांना हक्क आहे अशी कोणतीही जागा, मग ती रहदारीची वाट असो वा नसो. म्हणजे पहिला थर आपल्यापाशी आहे. पण कोकणच्या किनाऱ्यावर जीप घातली जाते, तेव्हा गाडीची नोंदणी बहुधा चोख असते. प्रश्न तिसऱ्या थराचा असतो. वेळास, आंजर्ले येथे ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात. त्यांची पिल्ले असतात दोन बोटांएवढी. समुद्राकडे निघालेले पिल्लू चाकाच्या खाचेत पडले, तर त्याला बाहेर पडणे कठीण जाते. ते चाकोरीतूनच चालत राहते, आणि समुद्र बाजूला राहतो.